दोन चिपट्यांचे एक मापटे

खेळ मुलांचा आणि हिशेब मोठ्यांचा, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवलेली आहे. शाळेत तर ती अधिकच पक्की होते. खेळाच्या तासाची घंटा झाली की मुले उड्या मारीत बाहेर पडतात, गणिताच्या तासाची झाली की पाय ओढीत आत येतात. तीस वर्षे खडू-फळ्याच्या सान्निध्यात काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही वाटणी सूर्योदय-सूर्यास्ताइतकी स्वाभाविक वाटू लागते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी एक खेळ आला आणि त्याने ही वाटणी तर मोडलीच, पण त्याबरोबर घरातली आणखीही एक-दोन दारे उघडली. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा खेळ पूर्वीच पोहोचला असेल. तरीही त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते, कारण आमच्या घरी तो जसा खेळला गेला तसा इतरत्र क्वचितच खेळला गेला असेल.

खेळाचे नाव म्हणजे नुसता एक आकडा आहे: २०४८. चार ओळी आणि चार रांगा मिळून सोळा घरांचा एक पट असतो. आरंभी त्यातल्या दोन घरांत अंकांच्या सोंगट्या असतात, बहुधा दोनाच्या, क्वचित चाराच्या. आपण डावी, उजवी, वर, खाली यांपैकी एक दिशा द्यायची. पटावरच्या सगळ्या सोंगट्या त्या दिशेला अडथळा येईपर्यंत सरकतात. सरकताना दोन सारख्या अंकांची गाठ पडली की त्यांची मिळून एक सोंगटी होते आणि तिच्यावर दुप्पट अंक येतो. दोन दोनांचा चार, दोन चारांचा आठ, दोन आठांचा सोळा. प्रत्येक चालीनंतर एखाद्या रिकाम्या घरात नवी सोंगटी उगवते. दहांतून नऊ वेळा ती दोनाची असते आणि एखाद्या वेळी चाराची. असे करीत २०४८ ची सोंगटी जुळवायची. त्याआधीच घरे भरली आणि सरकायला वाव उरला नाही, की डाव संपला. नियम पाच मिनिटांत समजतात, पण डाव जिंकायला सव्वानऊशे-साडेनऊशे चाली तरी लागतात.

हा खेळ मोबाइलवरचा म्हणून सर्वांना ठाऊक असला, तरी त्याचा जन्म संगणकाच्या ब्राउझरमधला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'थ्रीज' नावाचा एक अंकांचा खेळ मोबाइलवर आला. आशर व्होल्मर, ग्रेग वोलवेंड आणि त्यांचे सहकारी चौदा महिने त्याच्या मागे लागले होते. त्याच्या पाठोपाठ '१०२४' नावाचा दुसरा आला. ह्या दोहोंच्या धर्तीवर गाब्रिएले चिरुल्ली ह्या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, शनिवार-रविवारच्या सुटीत, आपल्या करमणुकीसाठी '२०४८' रचला आणि कोणालाही विनामूल्य खेळता यावा, बदलता यावा, अशा रीतीने जगाला देऊन टाकला. थोड्याच दिवसांत तो लक्षावधी लोकांच्या हाती गेला. चौदा महिन्यांची मेहनत मागे राहावी आणि दोन दिवसांची करमणूक पुढे जावी, ह्याचे 'थ्रीज'च्या कर्त्यांना वाईट वाटले, आणि ते वाटणे साहजिकच होते. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला त्यात नवल वाटत नाही. ओवी कोणाची आणि ती घरोघर गेली कोणाच्या गळ्यातून, ह्याचा हिशेब आपल्याकडे तरी कोठे लागला आहे!

आमच्या घरी हा खेळ आला तो माझ्या पुतणीच्या मोबाइलमधून. धाकटा भाऊ बेंगळुरूस नोकरीला असतो. त्याची ही अकरा वर्षांची मुलगी दर उन्हाळ्यात महिनाभर बेळगावला आमच्याकडे येते. शाळा इंग्रजी, शाळेतली दुसरी भाषा कन्नड, शेजारी हिंदी बोलणारे. घरात मराठी आहे, पण ती 'जेवायला ये' आणि 'झोप आता' एवढ्यापुरती. आकडे तर तिच्या तोंडी इंग्रजीखेरीज नाहीतच. आणि ज्या आजीकडे ती येते त्या माझ्या आईची सारी दुनिया आकड्यांची! आई आता ऐंशीला टेकली आहे. शिक्षण गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे तिला आजही घडाघडा येतात. औट म्हणजे साडेतीन, हे आता आमच्या शाळेतल्या मुलांना सांगावे लागते. आठवडी बाजारात कन्नड बोलणाऱ्या विक्रेत्याशी 'अरवत्तनाल्कु' म्हणत ती चौसष्टाचा व्यवहार तोंडी करीत असे, आणि तिच्या हिशेबात एका पैची चूक काढणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

अशा ह्या दोघींमध्ये माया भरपूर होती. हिशेबाची भाषा मात्र नव्हती. आई म्हणे, "पावणेपाचला उठव गं मला," आणि नात घड्याळाकडे पाहत विचारी, "आज्जी, फाइव्ह की फोर?" एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे तिला एकाच शब्दाचे दोन उच्चार वाटत. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये दशक आधी येते आणि एकक मागून; मराठीत एकक आधी येते, शिवाय नव्याण्णवपर्यंतच्या बहुतेक आकड्यांचा घाट वेगवेगळा. घरात रोज कानावर पडल्यावाचून ते तोंडात बसत नाहीत. आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला अधिक टोचत असे. वडील गेल्यापासून आईला हिशेब विचारणारे घरात कोणी उरले नव्हते. शेतीचे पैसे बँकेत जमा होतात, दुधाचे बिल मोबाइलवर चुकते होते, किराण्याची यादी सून करते. सर्वांनी तिला आराम दिला होता, आणि त्या आरामात ती हळूहळू गप्प होत चालली होती.

पुतणी खेळत असताना आई तिच्या खांद्यावरून डोकावे. पण मोती काढलेल्या डोळ्यांना ते इवलेसे चौकोन दिसत नसत, आणि काचेवरून बोट फिरवायला गेली की भांडी घासून कोरड्या झालेल्या त्या बोटाचा स्पर्शच मोबाइलला उमगत नसे. तेव्हा मीच सुचवले की हा खेळ माझ्या टेबलावरच्या संगणकावर लावावा. ह्या संगणकाचा जन्म निकालपत्रके आणि हजेरीचे तक्ते ह्यांसाठी झालेला. त्यावर खेळ चाललेला त्याने प्रथमच पाहिला असेल. पडद्यावर सोळा घरे तळहाताएवढी दिसू लागली. दिशा द्यायला कळफलकावरच्या बाणांच्या चार कळा पुरत होत्या. आईला लाकडी खुर्चीत बसवले आणि बाणांवर हळदी-कुंकवाच्या बोटांनी खुणा केल्या.

पहिल्या दिवशी ती नुसती पाहत होती. दुसऱ्या दिवशी नातीने दोन चारांचा आठ केला तशी ती एकदम म्हणाली, "अगं, हे तर दोन चिपट्यांचं मापटं झालं की!"

पुतणीला काही बोध झाला नाही. माझ्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या भागात धान्य मोजायची मापे अशी होती: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. निळवे एक धरले तर कोळवे दोन, चिपटे चार, मापटे आठ, शेर सोळा, अधोली बत्तीस आणि पायली चौसष्ट. पटावरच्या सोंगट्या ह्याच क्रमाने उभ्या होत्या! पुढे मण आणि खंडी येते, आणि मणाच्या पायल्या गावोगाव बदलतात. पण पायलीपर्यंतचा हा जिना दुपटीच्या पायऱ्यांचा आहे. धान्याच्या डब्यातून आईने पितळेचे चिपटे आणि मापटे काढून आणले, तांदळाने चिपटे दोनदा भरून मापट्यात ओतले आणि मापटे काठोकाठ भरलेले नातीला दाखवले. पहिले चिपटे ओतताना ती सवयीने 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाली. धान्य मोजताना पहिल्या मापाला आपल्याकडे लाभ म्हणतात. तेव्हापासून पुतणीच्या डावातली पहिली जुळणी 'लाभ' म्हणूनच होऊ लागली.

मग नाण्यांची आठवण निघाली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तेव्हा आई बारा-तेरा वर्षांची होती. त्याआधीचा रुपया चौसष्ट पैशांचा. पैसा, दोन पैशांचा ढब्बू, चार पैशांचा आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि सोळा आण्यांचा रुपया. पुन्हा एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट! पायलीची निळवी चौसष्ट आणि रुपयाचे पैसेही चौसष्ट. वजनातही शेराचे दोन अच्छेर, अच्छेराचे दोन पावशेर, पावशेराचे दोन अदपाव आणि अदपावाच्या दोन छटाका.

दशमान पद्धती शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. मापांचा कायदा १९५६ साली झाला, आणि त्यामुळे एका गावची पायली दुसऱ्या गावी लहान पडण्याचा घोळ मिटला, हे थोडे झाले नाही. तरीही आईच्या मापांकडे पाहताना त्या जुन्या जिन्यामागचे शहाणपण मला नव्याने दिसले. शंभराचे अर्धे पन्नास, त्याचे पंचवीस, आणि पुढे लगेच साडेबारा येऊन अपूर्णांक सुरू होतात. चौसष्टाचे मात्र सहा वेळा अर्धे केले तरी शेवटी अखंड एक उरतो. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही राशीचे दोन सारखे ढीग डोळ्यांनी आणि हातांनी पारखता येतात. दहा सारखे ढीग पारखणे कठीण. रास वाटणाऱ्या खळ्यावरच्या माणसांनी हा जिना बांधला तो असा हाताच्या मापाने. आज पेन ड्राइव्ह विकत घ्यायला जावे तर दुकानदार १६, ३२, ६४, १२८ असे आकडे सांगतो. संगणकाला चालू आणि बंद ह्या दोनच अवस्था कळतात, म्हणून त्याच्या घरची मापेही दुपटीनेच वाढतात.

खेळातली मुख्य युक्ती सांगायला आईला पुस्तक लागले नाही. जाणते खेळाडू म्हणतात, की सर्वांत मोठी सोंगटी एका कोपऱ्यात धरून ठेवावी, तिच्या शेजारी त्याहून लहान, मग त्याहून लहान अशी रांग लावावी, आणि जी दिशा दिल्याने कोपऱ्यातली सोंगटी हलेल ती दिशा शक्यतो देऊ नये. आईने हे तिसऱ्या दिवशी तिच्या भाषेत सांगितले: "उतरंड लावायची. मोठं मडकं बुडाला, कोपऱ्यात. उतरंड मोडू नको बघ." घाईघाईने वरचा बाण दाबून नातीने कोपऱ्यातले पाचशे बारा हलवले, आणि त्या जागी एक क्षुद्र दोन येऊन बसला, तेव्हा उतरंडीखालचे मडके ओढल्यावर काय होते ते तिला वेगळे समजवावे लागले नाही.

ह्या सगळ्यात माझी भर पडली ती थोडी निराळ्या बाजूने. एके दुपारी दोघी खेळत होत्या आणि मी शेजारी बसून दोनाच्या किती दुपटी केल्या म्हणजे २०४८ येतात ते मोजीत होतो. दोन हा आकडा धरून अकरावी पायरी. अकरा म्हटल्याबरोबर मला वर्गातला छंदांचा फळा आठवला. अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षर लघू असेल किंवा गुरू, तिसरी शक्यता नाही. म्हणून एका अक्षराचे प्रकार दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. तेच आपले य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण. असे एकेक अक्षर वाढवीत गेले की अकरा अक्षरांच्या चरणाचे प्रकार होतात बरोबर २०४८! इंद्रवज्रा, उपेंद्रवज्रा, शालिनी, रथोद्धता, स्वागता ही सारी अकरा अक्षरांची वृत्ते. म्हणजे त्या २०४८ शक्यतांतून कवींच्या कानाला रुचलेल्या ह्या मोजक्या सोंगट्या. आणखी एक अक्षर वाढवले की ४०९६ होतात, आणि आपल्या घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात त्या बारा अक्षरांतले आहे.

पिंगलाचा छंदःशास्त्र हा ग्रंथ दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यात ही संख्या काढायची एक सुरेख रीत आहे. अकरा ही संख्या विषम, म्हणून एक वजा करून दहा. दहा सम, म्हणून अर्धे पाच. पाच विषम, म्हणून चार. चाराचे अर्धे दोन, दोनाचे अर्धे एक, आणि एकातून एक गेला की शून्य. आता त्याच वाटेने परत फिरायचे. एकापासून आरंभ करून, जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट करायची, जेथे अर्धे केले होते तेथे वर्ग करायचा. दोन, चार, सोळा, बत्तीस, एक हजार चोवीस, दोन हजार अठ्ठेचाळीस. अकरा दुपटींचे काम सहा पायऱ्यांत होते. मी ही रीत कागदावर मांडून पुतणीला दाखवली. तिने ती संगणकावर पडताळून पाहिली आणि मग विचारले, "काका, हे गेमसाठी केलं होतं?" मी म्हणालो, "कवितेसाठी केलं होतं." तिला ते गेमपेक्षा फारसे वेगळे वाटले नाही, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

महिनाअखेर आईची मजल एक हजार चोवीसपर्यंत गेली. २०४८ काही जुळले नाही. पुतणीचे दोनदा जुळले. पण एक गोष्ट अशी झाली, की कोणी शिकवायला न बसता त्या मुलीला अकरा मराठी आकडे पक्के झाले: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, एक हजार चोवीस, दोन हजार अठ्ठेचाळीस. कारण आजी इंग्रजी आकडा ऐकून कळ दाबत नसे, आणि डाव तर पुढे जायला हवा असे. त्या अकरांच्या मागून इतरही आले. 'अजून एक बत्तीस हवेत, अठ्ठावीस आहेत' असे म्हणता म्हणता अठ्ठावीस, चोवीस, छत्तीस कानावरून गेले. आणि आईला घरात पुन्हा कोणीतरी हिशेब विचारू लागले. आता दर रविवारी बेंगळुरूहून फोन येतो. पूर्वी तो दोन मिनिटांत आटपे. आता आजी आणि नात आपापले डाव एकमेकींना सांगतात, आणि त्यात सून-मुलांच्या वाट्याला फोन येतच नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांतून मुलांच्या मराठीविषयी पुष्कळ बोलले जाते. संमेलने होतात, ठराव होतात, आणि मुलांना तर बोधामृत रोजचेच. त्या सर्वांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. माझी शाळाही त्याच खटाटोपातला एक भाग आहे. पण भाषा जेथे कामाला येते तेथे ती राहते, हे मला आकड्यांनी दाखवले. ज्या हिशेबाला मराठी लागते असा एखादा हिशेब घरात शिल्लक हवा. मग तो धान्याचा असो, पत्त्यांच्या डावाचा असो, की परदेशी तरुणाने दोन दिवसांत रचलेल्या खेळाचा असो.

त्या खेळात आणखी एक गोष्ट आहे. कोपऱ्यात एक हजार चोवीस बसलेले असतात आणि शेजारी नवा दोन उगवतो. दोघे अगदी खेटून उभे असतात, पण जुळत नाहीत. मोठ्याला लहान करता येत नाही. लहानालाच चार, आठ, सोळा असे चढत यावे लागते, आणि त्यासाठी मधल्या साऱ्या सोंगट्या पटावर हजर असाव्या लागतात. आजी आणि नात ह्यांच्यामधली ती घरे म्हणजे आपली पिढी. आपल्याला चिपटेही ठाऊक आहे आणि कळफलकही. जे दोन्हीकडचे जाणतात त्यांनी अधूनमधून संगणकाजवळ दोन खुर्च्या मांडून द्याव्यात आणि आपण थोडे बाजूला बसावे, एवढेच काम पुष्कळदा पुरते.